सांगितलं तेवढं कर!

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे कुठे काना-मात्रा चुकला किंवा वाक्य इंग्रजीच्या वळणावर गेलं तर सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी लिही असं आमच्या संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी तिला हेच म्हटलं होतं. ती म्हणाली, "तू फक्त लिही, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." म्हणून हे धाडस!

आमच्या शाळेत पहिलीपासून एकच मंत्र होता. 'फॉलो द इन्स्ट्रक्शन्स.' समास किती बोटं सोडायचा, तारीख कुठे लिहायची, उत्तराखाली रेघ पेन्सिलने की पेनने, सगळं ठरलेलं. चित्रात सफरचंद लाल रंगवायचं आणि रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी एकदा पेरू रंगवताना आतून गुलाबी केला होता, कारण माझ्या आजोळी पावसला तसेच पेरू मिळतात. टीचरनी वहीवर लिहिलं, 'ग्वाव्हा इज ग्रीन.' घरी रडले. मग हिरवा केला.

बारावीनंतर ठाण्याहून इथे रत्नागिरीच्या हॉस्टेलवर आले आणि एकदम उलटं जग बघितलं. इथे सांगितलेलं ऐकणं म्हणजे कमीपणा! मेसचं ताट उचलायला सांगा, रात्री दिवे बंद करायला सांगा, कोणीतरी छाती पुढे काढून म्हणणारच, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." टिळकांचं जन्मगाव ना! टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर हॉस्टेलवरच्या किती जणींनी आतून बघितलंय कुणास ठाऊक, पण शेंगांची गोष्ट सगळ्यांना पाठ. मला ही गोष्ट प्रचंड आवडली. बारा वर्षं समास सोडणाऱ्या मुलीला आणखी काय हवं? मी ठरवलं, आता आपण पण आपल्या डोक्याने चालायचं.

आणि आपल्या डोक्याने चालायचं ठरवून मी पहिलं काम काय केलं? जीटी मारली.

स्टाफने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. बाकी हॉस्टेलच्या वाचकांना जीटी म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, पण घरी अंक नेल्यावर आई-बाबा वाचतात म्हणून सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांमध्ये काच ठेवायची, खाली ट्यूब लावायची, काचेवर सीनियरची तपासलेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेषा वर दिसतात, त्या गिरवायच्या. आठ तासांचं काम दीड तासात. आमच्या रूममध्ये कपाटाची जुनी काच होती, त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात आमच्या रूमला देवळासारखी गर्दी. मी पहिल्या वर्षाच्या सगळ्या शीट्स त्या काचेवर काढल्या. रेषा सुंदर, अक्षर सुंदर (कॉन्व्हेंटची कृपा), टर्मवर्कला मार्क उत्तम.

परीक्षेत मात्र खाली काच नव्हती. पंचकोनी पिरॅमिड, आडव्या प्रतलाशी अमुक अंश, उभ्या प्रतलाशी तमुक अंश, प्रोजेक्शन काढा. समोर कोरा पांढरा कागद, त्यावर क्लिपांनी लावलेला ड्राफ्टर आणि घामाने ओला झालेला माझा तळहात. पहिली रेघ कुठे मारायची हेच सुचेना. सहा शीट्स माझ्या हातून गेल्या होत्या, पण एकही माझ्या हातात राहिली नव्हती. जुलैत निकाल लागला. ड्रॉइंगला केटी.

घरी फोनवर सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. हॉस्टेलवर थांबवेना, म्हणून शनिवारी दुपारची एसटी पकडून मामाकडे गेले.

मामाची पावसजवळ आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. मोठी नाही. मामा, मामी, वर्षानुवर्षं येणाऱ्या एक मावशी आणि पावसाळ्यात रोजावर येणाऱ्या चार-पाच जणी. लहानपणी मी तिथे फक्त आंबे खायला जायची. त्या दिवशी पहिल्यांदा काम बघितलं. बाहेर धो धो पाऊस, आत पत्र्याखाली गोणपाटावर ओळीने बसलेल्या बायका, आणि प्रत्येकीच्या हातात चाकू.

मला वाटायचं हापूसची बाठ पुरली की हापूस येतो. तुमच्यापैकी अर्ध्यांना पण हेच वाटत असणार, खरं सांगा! हापूसची बाठ पेरली तर झाड येतं, पण ते हापूसच येईल याची खात्री नाही. बीपासून आलेलं प्रत्येक झाड थोडं वेगळं निघतं. म्हणून हापूस फक्त कलमानेच वाढवतात. खाली रायवळ आंब्याचं रोप, वर हापूसची काडी. कलमं बांधायची ही कला कोकण-गोव्याच्या आंब्यात पोर्तुगीजांच्या काळात रुळली आणि 'हापूस' हे नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात. म्हणजे २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला हा हापूस म्हणजे कधीकाळी कुणीतरी पारखलेल्या एका चांगल्या झाडाची हाताने काढलेली नक्कल, त्या नकलेची नक्कल, अशी पिढ्यान् पिढ्या. निसर्गाची जीटीच म्हणा ना!

पूर्वी भेट कलम करायचे. म्हणजे कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचं, त्यासाठी माच बांधायचा, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं आणि दोन-तीन महिने वाट बघायची. फांद्या पोहोचतील तेवढीच कलमं. आता सगळीकडे कोय कलम दिसतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, ते १९७२ साली सुरू झालं, ही पद्धत कोकणच्या हवेला बसवून नर्सरीवाल्यांपर्यंत नेली. मामा ती पद्धत तिथल्या शिबिरातच शिकला.

"करून बघणार का?" मामाने विचारलं. मी लगेच हो म्हटलं. निदान एका ठिकाणी तरी पास व्हावं, दुसरं काय!

मामाने एकदाच सांगितलं. बाठ रुजून आलेलं पंधरा-वीस दिवसांचं रोप घ्यायचं, पानं तांबूस असतानाच. बाठीपासून चार बोटं वर कापायचं. मधोमध उभी चीर द्यायची. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्या जाडीची, डोळा फुगलेला पण न फुटलेला. काडीवरची पानं ती झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी कापून टाकायची, देठ तेवढे ठेवायचे. काडीला दोन्हीकडून तिरका काप देऊन पाचर करायची, पाचर चिरेत बसवायची, साल सालीला लागली पाहिजे. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळायची. पिशवीत लावायचं, सावलीत ठेवायचं.

"आणि सांगितलं तेवढं कर," मामा म्हणाला.

नेमकं तेच वाक्य! शाळेतल्या सगळ्या टीचर्स डोळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, मी शेंगा खाल्ल्या नाहीत.

तो दिवस मी मावशींच्या शेजारी बसून गुपचूप केलं. पण डोकं चालू होतं. पानं कशाला कापायची? पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, दहावीला शिकलोय आपण. काडीला पानं ठेवली तर ती अन्न तयार करील आणि कलम लवकर वाढेल. आणि पट्टी वरून खाली गुंडाळणं हाताला सोपं पडत होतं. मग खालून वरच का? विचारलं असतं तर मामाने सांगितलं असतं. पण विचारणं म्हणजे हरणं असं वाटत होतं.

पुढच्या शनिवार-रविवारी मामा मालाच्या कामाला लांज्याला गेला होता. मला शंभर रोपं दिली होती. मी ती शंभरच्या शंभर माझ्या पद्धतीने बांधली. झाडावरून ताज्या काड्या आणल्या, प्रत्येकीवर चार चार हिरवीगार पानं, पट्टी वरून खाली. मावशींनी एकदा बघितलं, म्हणाल्या, "पोरी, असा नाय करीत." मी म्हटलं, "मावशी, बघाच तुम्ही." संध्याकाळी ओळीत ठेवलेली माझी कलमं सगळ्यात देखणी दिसत होती. बाकीच्यांच्या नुसत्या काटक्या, माझी मात्र हिरवी झाडं! मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

पंधरा दिवसांनी गेले तर माझी ओळ काळी पडली होती. पानं वाळून, गळून, काड्या सुरकुतलेल्या. शंभरातली तीन जिवंत. शेजारी मावशींची ओळ, तिच्यातल्या काटक्यांना तांबूस कोंब फुटले होते.

मामा रागावला नाही. त्याने एक मेलेलं कलम उचललं, पट्टी सोडली आणि माझ्या हातात दिलं. जोडाच्या आत पाणी होतं. "पट्टी कौलांसारखी," तो म्हणाला. "खालचं कौल आधी, वरचं त्याच्यावर. उलटी घातलीस तर पाऊस घरात शिरतो." मग पानांकडे बोट केलं. "हिला मूळ कुठाय अजून? जोड लागेपर्यंत खालून पाणी येत नाही. पानं मात्र पाणी उडवत बसतात. आहे तेवढी ओल त्यांनीच संपवली. आधी पानं काढली की काडीतला जोर डोळ्यात जमतो."

मी विचारलं, "मामा, मग मेली कशाने? पानांमुळे की पाण्यामुळे?"

तो हसला. "ते आता कोण सांगणार? तू दोन्ही बदललंस."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. इंजिनियरिंगला येऊन वर्ष झालं होतं. फिजिक्सच्या लॅबमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे जर्नलमध्ये मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. अर्थात तेही उतरवलेलंच!

खरी गोष्ट मामीने रात्री जेवताना सांगितली, मामा उठून गेल्यावर. ती शंभर रोपं शिल्लक पडलेली नव्हती. एका बागायतदाराच्या ऑर्डरमधली होती. कोवळ्या रोपाची वेळ पंधरा दिवसांत निघून जाते, परत तीच रोपं वापरता येत नाहीत. मामाने कमी पडलेली कलमं दुसऱ्या नर्सरीतून विकत घेऊन द्यायचं ठरवलं होतं. मामी काही ओरडून बोलली नाही, फक्त म्हणाली, "तुझा आत्मविश्वास जावा असं त्याला नको होतं गो." माझा घास घशाखाली उतरेना. केटीचं दुःख माझ्या एकटीचं होतं. इथे माझ्या अकलेचे पैसे दुसऱ्याने भरले होते.

सकाळी मामाला म्हटलं, मला परत शिकव. उशिरा पेरलेल्या बाठी होत्या थोड्या, त्यांची रोपं तयार होत होती. ऑगस्टचे तीन रविवार मी मावशींच्या शेजारी बसले आणि सांगितलं तेवढं केलं. पण यावेळी एक फरक होता. प्रत्येक पायरीला मी 'का' विचारला. मावशींना काही 'का' सांगता यायचे, काही नाही. पाचरीचा काप एका झटक्यात का? कारण चाकू दोनदा फिरला की काप खडबडीत होतो आणि मध्ये फट राहते. साल सालीला का? कारण साल आणि लाकूड यांच्यामधला तो हिरवट ओला थरच जोड धरतो, बाकी लाकूड नुसतं टेकलेलं असतं. हे तोंडाने कळलं एका मिनिटात. हाताला कळायला मात्र साठ-सत्तर काप लागले. कितीतरी वेळा चाकू बोटात गेला. मावशी हळद लावायच्या आणि म्हणायच्या, "आता हाताक समाजला."

पन्नास कलमं अगदी बरहुकूम बांधली. मग मी भीत भीत मामाला विचारलं, "मला दहा रोपं वेगळी देशील? पट्टी बरोबर बांधीन, फक्त पानं ठेवीन. बघायचंय कशाने मेली ते." मला वाटलं आता मात्र ओरडणार. पण त्याने लगेच दहा रोपं मोजून दिली. "आता विचारतेस तर दे," म्हणाला. "पन्नास केलीस ना!"

पन्नासातली चौतीस जगली. मावशींच्या मानाने कमी, पण माझी होती. पानं ठेवलेल्या दहातली नऊ वाळली. म्हणजे पट्टी सरळ असूनही पानांनीच घात केला होता. ही नऊ मेलेली कलमं मला त्या आधीच्या सत्त्याण्णवपेक्षा जास्त शिकवून गेली. त्या सत्त्याण्णवांनी काहीच सांगितलं नव्हतं, नुसती मेली होती.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी केटीच्या अभ्यासाला बसले आणि कपाटामागे ठेवलेली माझी जुनी शीट काढली. पहिल्यांदाच नीट बघितली. काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं, तिच्यावर बारीक रेषाच नव्हत्या! हाताने काढलेल्या शीटवर टूएच पेन्सिलच्या फिकट कन्स्ट्रक्शन लाईन्स असतात, हा बिंदू इथून वर नेला, तिथून आडवा आणला, याच्या खुणा. काचेवर गिरवताना आपण फक्त ठळक रेषा उचलतो. उत्तर उचलतो, रस्ता नाही. सरांना टर्मवर्क तपासताना हे दिसत नसेल? दिसत असणारच. एकदा त्यांनी माझ्या शीटवर नुसतं बोट फिरवून विचारलं होतं, "कन्स्ट्रक्शन लाईन्स कुठेत?" मी म्हटलं होतं, "सर, खोडल्या, शीट स्वच्छ दिसावी म्हणून." देवा!

तेव्हा मला एक कळलं. जीटी मारताना मला वाटत होतं की मी शिस्तीच्या विरुद्ध काहीतरी हुशारी करतेय. शाळेत सूचना पाळताना वाटायचं की मी गुणी आहे. दोन्हीकडे मी एकच करत होते, कामात शिरत नव्हते. सूचना पाळणं म्हणजे गिरवणं नव्हे. सूचना पाळायची तर पायरी न् पायरी स्वतःच्या हाताने करावी लागते, जीटीत नेमकी तीच गळते. आणि त्या शंभर कलमांत मी स्वतंत्र विचार केला असं जे मला वाटत होतं, तो विचार नव्हता, पहिला सुचलेला अंदाज होता. त्या अंदाजाला उत्तर शोधायला मी थांबलेच नव्हते.

सगळ्याच सूचनांना निसर्गातलं कारण असतं असंही नाही. ड्रॉइंगमध्ये आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतो, अमेरिकेत थर्ड अँगल. एक बरोबर आणि दुसरं चूक असं काही नाही. पण इथल्या वर्कशॉपमधल्या माणसाने माझं ड्रॉइंग वाचून जॉब करायचा असेल तर त्याची आणि माझी भाषा एक पाहिजे. म्हणजे एक सूचना पाळायची कारण ती मोडली तर कलम मरतं. दुसरी पाळायची कारण ती मोडली तर दुसऱ्याला कळत नाही. आणि तिसऱ्या प्रकारच्याही असतात, पेरू हिरवाच अशा. कुठली सूचना कुठल्या प्रकारची हे काम केल्याशिवाय कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. केटी त्याच हिवाळ्यात सुटली. मार्क विचारू नका, पण रेषा सगळ्या माझ्या, फिकटसुद्धा.

मामाच्या अंगणात विहिरीजवळ एक झाड आहे. मला तो हापूसच वाटायचा. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मामाने सांगितलं, हा 'रत्ना'. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेला, १९८१ साली बाहेर आलेला. हापूसची मोठी तक्रार म्हणजे साका, वरून सोन्यासारखा आंबा आणि कापला की आत पांढरट खराब गर. शिवाय एक वर्ष भरपूर तर एक वर्ष रिकामं. रत्नामध्ये साका होत नाही आणि तो दरवर्षी धरतो. पुढे त्याच केंद्रातून रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' आला, १९९२ साली, त्याची कोय अगदी पातळ.

म्हटलं, बघा, हा खरा स्वतंत्र विचार! शेकडो वर्षं सगळे नक्कल करत बसले आणि इथे कुणीतरी नवीन झाड घडवलं. मामाला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "हो. आणि ते एक झाड तयार झाल्यावर माझ्या अंगणात कसं आलं?"

कलमानेच! रत्नाची बाठ पेरून रत्ना येत नाही. नवीन जात निघाली त्यानंतर ती गावोगाव पोहोचली ती चाकू, पाचर, पट्टी करत बसलेल्या हातांमधून. त्या हातांनी सांगितलं तेवढं केलं नसतं तर रत्ना वेंगुर्ल्याच्या कुंपणाबाहेर आलाच नसता. आणि ज्यांनी तो घडवला त्यांना हापूसमध्ये काय कमी आहे हे माहीत होतं म्हणून नवं काय हवं ते ठरवता आलं. मी मात्र कलमाबद्दल काहीही माहीत नसताना कलमात सुधारणा करायला निघाले होते.

मग मी परत कधी स्वतःचं डोकं लावलंच नाही का? लावलं ना! गेल्या वर्षीची गोष्ट. रोजावर नव्या दोन मुली आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांची कलमं फार मरत होती. मी शेजारी बसून बघितलं तर त्यांचे काप बरे होते, पण जाडी जुळत नव्हती. बारीक रोपावर जाड काडी, किंवा उलट, मग साल सालीला एका बाजूलाच लागायची. मावशींची नजर इतकी तयार की त्या टोपलीत न बघता जोडीची काडी उचलतात. ही नजर नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात कुठून येणार?

आणि मला आमच्या वर्कशॉपमधलं वायर गेज आठवलं. गोल पत्र्याला कडेने खाचा, तार कुठल्या खाचेत बसते ते बघायचं. हॉस्टेलवर आल्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा मिळवला, चार ते आठ मिलीमीटरच्या पाच खाचा कानशीने घासल्या. (पहिल्या वर्षी फिटिंगच्या जॉबला मी किती शिव्या दिल्या होत्या! कानस सरळ धरायची ती सवय इथे उपयोगी आली.) मुलींनी आधी काड्या आणि रोपं खाचेप्रमाणे वेगळी करायची, मग त्याच खाचेची जोडी लावायची. बाकी पद्धत जशीच्या तशी. बदल एकच.

मामाने पत्रा उलटसुलट करून बघितला. "मला काय उपयोग नाही," म्हणाला. मी हिरमुसले. मग त्याने एक भोक पाडून त्यात सुतळी ओवली आणि पत्र्याखाली खिळ्याला टांगला. "पण नव्या पोरींना होईल." त्या दोघींची आधी शंभरात चाळीसच्या आसपास जगत होती, नंतर साठ-पासष्ट. यात गेजचा वाटा किती आणि तेवढ्या दिवसांत बसलेल्या हाताचा किती, हे काही मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे! पण यंदाही तो पत्रा त्याच खिळ्याला आहे, आणि सुतळी नवीन आहे.

मित्रांनो, टिळकांची आणखी एक गोष्ट सांगतात, शेंगांइतकी ती हॉस्टेलवर चालत नाही. गुरुजींनी शुद्धलेखनात 'संत' हा शब्द सांगितला. बाळने तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला, संत, सन्त आणि सन्‌त. गुरुजींनी एक बरोबर धरला, दोन चूक. बाळ हटून बसला की तिन्ही बरोबर आहेत. आपल्याला या गोष्टीतला हट्ट आवडतो. पण हट्ट धरायला तीन तऱ्हा याव्या लागतात ना! वडील संस्कृतचे जाणकार शिक्षक, घरात व्याकरण रुजलेलं, म्हणून त्याला भांडता आलं. मला तर अजून एक तऱ्हा नीट येत नाही, संपादक मंडळाला विचारा.

परवाच आमच्या रूमवर पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. सबमिशन जवळ आलंय. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे काच आहे म्हणे?" क्षणभर वाटलं, उपदेश करावा. पण मला केलेला उपदेश मी कधी ऐकला होता? मी काच काढून दिली. एकच अट घातली. सहातली एक शीट, कुठलीही, कोऱ्या कागदावर इथे माझ्या टेबलावर बसून काढायची. अडलं की विचारायचं.

ती थोडी नाराज झाली. मग टेबलावर कागद पसरला, क्लिपा लावल्या, आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

"ताई," म्हणाली, "पहिली रेघ कुठे मारायची?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.